व्हिकारेजमधला खून, कोळंबीचं प्रकरण आणि आमची आत्या

माजघर | शुक्रवार, रात्री १०.१२

मंडळी, पावसाने दोन दिवस घरात कोंडून घातलं, म्हणून कपाटातून अगाथा ख्रिस्तीचं ‘द मर्डर अ‍ॅट द व्हिकारेज’ काढलं. कॉलेजात असताना एकदा वाचलं होतं. तेव्हा सगळं लक्ष खुनी कोण याच्याकडे. पानं भराभरा उलटली, खुनी सापडला, पुस्तक लायब्ररीत परत. या वेळी खुनी ठाऊक होता म्हणून घाई नव्हती, आणि दहाव्या पानावरच कळलं की मी तेव्हा हे पुस्तक वाचलेलंच नव्हतं.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. (रहस्यभेद करणार नाही. प्रतिसादांतही कोणी करू नये, हात जोडून विनंती.) कादंबरी १९३० सालची. मिस मार्पल या आजींची ही पहिली कादंबरी. त्याआधी डिसेंबर १९२७ मध्ये एका मासिकातल्या कथेत त्या पहिल्यांदा दिसल्या होत्या. गाव सेंट मेरी मीड, काल्पनिक. कथा सांगतो गावचा व्हिकार, म्हणजे चर्चचा पाळक, लेनर्ड क्लेमंट. (त्याचं घर ते व्हिकारेज.) अगदी सुरुवातीलाच तो दुपारच्या जेवणाला उकडलेलं वातड बीफ कापता कापता बोलून जातो की कर्नल प्रॉथेरोचा कोणी खून केला तर जगावर उपकारच होतील. हे कर्नलसाहेब गावचे मॅजिस्ट्रेट, चर्चच्या कारभारात नाक खुपसणारे आणि सगळ्यांना नकोसे झालेले. पुढे ते या व्हिकारच्याच अभ्यासिकेत, त्याच्याच मेजावर, डोक्यात गोळी लागून मेलेले सापडतात. व्हिकारला मात्र त्याच वेळेला खोटा फोन करून दोनेक मैलांवरच्या शेतावर पाठवलेलं असतं, अमुक माणूस मरणपंथाला लागलाय म्हणून. तिथे जाऊन बघतो तर माणूस ठणठणीत.

या जातीच्या पुस्तकांना इंग्रजीत ‘कोझी’ म्हणतात. म्हणजे रक्तपात पडद्याआड, गाव छोटं, संशयित मोजके, आणि तपास करणारा माणूस पोलीस नव्हे, हौशी. चहा, केक, बाग, चर्च. दुलई पांघरून वाचायचं पुस्तक. मला मात्र या वेळी दुलईतही गारठा जाणवला. कारण या आजी गोड नाहीतच हो! व्हिकारची बायको ग्रिसेल्डा तर त्यांना गावातली सगळ्यांत वाईट ‘कॅट’ म्हणते. खुद्द व्हिकार म्हणतो की दुसऱ्या एक बाई आहेत त्या आंबटगोड बोलतात, पण दोघींत जास्त धोकादायक म्हणाल तर मिस मार्पल. बागकाम हा त्यांचा आडोसा, आणि पक्षी बघायची दुर्बीण पक्ष्यांखेरीज बरंच काही बघते.

मला आमची आत्या आठवली. लहानपणी गणपतीच्या आधी आळीत एक जण वर्गणी मागायला आला. हातात पावतीपुस्तक, कपाळाला टिळा, बोलणं लाघवी. ओटीवर टेकला, घराचं कौतुक केलं, पाणी मागितलं. अख्खी आळी झाली, तुमचंच घर राहिलंय म्हणाला. आई पैसे आणायला आत वळली तेवढ्यात आत्या म्हणाली, थांब. त्या माणसासमोर एक अक्षर बोलली नाही. आत येऊन आईला हळूच म्हणाली, “पावतीवर नंबर तीन आहे. अख्खी आळी झाली म्हणतो.” आणि वर, “आमच्या चिपळूणच्या दिनूसारखा आहे. तोही आधी घराचं कौतुक करायचा, मग पाणी मागायचा.”

मिस मार्पलची पद्धत तंतोतंत हीच आहे. समोरचा माणूस बघायचा, गावातला कोणता जुना माणूस त्याच्यासारखा वागायचा ते आठवायचं. तुम्हाला काय वाटतं? हा चोमडेपणा की तपास?

---

चिंचगूळ | शुक्रवार, रात्री १०.४०

मस्त धागा. आत्यांना दंडवत. पण त्या माणसाचं पुढे काय झालं?

---

तिरकस | शुक्रवार, रात्री ११.०५

चोमडेपणाच. यश आलं म्हणून तपास म्हणायचं. आत्यांचा अंदाज चुकला असता तर “काय संशयी बाई आहे” असंच म्हटलं असतं तुम्ही.

पुस्तकाबद्दल: माझ्या मते ख्रिस्तीच्या मधल्या फळीतलं. पात्रं फार. उपकथानकं फार. पुराणवस्तू खणणारे एक डॉक्टर आणि त्यांची सेक्रेटरी, गूढ नवी भाडेकरू बाई, आजारी क्युरेट (व्हिकारचा मदतनीस पाळक), चित्रकार, शिकारचोर, कर्नलची बायको, कर्नलची मुलगी. शंभर पानांनंतर मी कागदावर नावं लिहून ठेवली. आणि ज्या मिस मार्पलसाठी पुस्तक हातात घ्यायचं, त्या अर्ध्याहून जास्त वेळ कुंपणापलीकडे.

---

बखर | शुक्रवार, रात्री ११.३०

तिरकस, तुमच्या बाजूने खुद्द लेखिका उभी आहे. नंतरच्या काळात ख्रिस्तीने स्वतःच म्हटलंय की आता या पुस्तकाचं पूर्वीइतकं समाधान वाटत नाही, पात्रं आणि उपकथानकं फार झाली, पण मुख्य रचना पक्की आहे. आणि गंमत म्हणजे आत्मचरित्रात ती म्हणते की हे पुस्तक मी कुठे, केव्हा, कसं लिहिलं, एवढंच काय, मिस मार्पल हे नवं पात्र का घेतलं, हेसुद्धा मला आठवत नाही. बारा कादंबऱ्या आणि वीस कथा ज्या बाईवर लिहिल्या तिच्या जन्माची आठवण नाही!

पण वर्ष बघा. १९३० च्या सप्टेंबरात तिचं मॅक्स मॅलोवन या पुरातत्त्वज्ञाशी दुसरं लग्न झालं आणि ऑक्टोबरात हे पुस्तक आलं. त्यात एक उत्खनन आणि एक पुरातत्त्वज्ञ आहेच. त्या पात्राबद्दल जास्त बोलत नाही.

खरं म्हणजे या पुस्तकाची सगळी चावी त्या चित्रकाराच्या आणि

[मजकूर काढला. धाग्याच्या सुरुवातीलाच विनंती आहे. – संपादक]

---

माजघर | शुक्रवार, रात्री ११.३४

बखर!!!

---

बखर | शुक्रवार, रात्री ११.३६

चूक झाली. जीभ चावली. वाक्य अर्धंच होतं, त्यावरून कोणी काही काढू नये. यात चित्रकारावर संशय सगळ्यांनाच येतो.

---

सोनचाफा | शनिवार, सकाळी ७.५०

मी हे वाचलेलं नाही. धागा वाचून आत्ताच किंडलवर घेतलं आणि चहाबरोबर चार प्रकरणं झाली. इथेच अधूनमधून कळवत राहीन. कोणीही मला काहीही सांगू नका. बखर, तुम्ही तर अजिबात नाही.

व्हिकारच्या घरची ती मेरी फार आवडली. स्वयंपाक भयंकर, भांडी आपटते, उर्मट. तरी ग्रिसेल्डा तिला काढत नाही. का, तर मेरीला स्वयंपाक येत नाही तोवर ती आपली! शिकली तर दुसरं कोणी तरी पळवेल. आमच्या सोसायटीत हेच गणित उलट झालंय. आमच्या मावशींच्या पुरणपोळीचं मी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कौतुक केलं, आणि पुढच्याच महिन्यात त्या सातव्या मजल्यावर.

---

अनुस्वार | शनिवार, सकाळी ९.१५

मला भाषांतराचा किडा आहे, त्यामुळे एक अवांतर.

‘कॅट’ मराठीत आणता येत नाही. मांजर म्हटलं की आपल्याला लाडीक किंवा आगाऊ वाटतं. त्या शब्दातला तो गोड आवाजात नख लावायचा भाव येत नाही. ‘आगलावी’ म्हटलं तर फार होतं, कारण मिस मार्पल आग लावत नाहीत, त्या फक्त धूर कुठून येतोय ते बघतात. ‘चोमडी’ मला बरं वाटतं, पण त्याला वयाचा मान नाही.

आणि इन्स्पेक्टर स्लॅक! नावाचा अर्थ सैल, सुस्त. माणूस मात्र सतत धावणारा, दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ न देणारा. व्हिकारच म्हणतो की नावाला खोटं पाडायचा एवढा निश्चय दुसऱ्या कोणी केला नसेल. मी भाषांतर केलं तर त्याला ‘इन्स्पेक्टर ढिले’ म्हणेन. आडनाव खरं आहे आपल्याकडे.

घड्याळाचा प्रसंग आठवतो? मेजावरचं घड्याळ पडून सहा बावीसला थांबलंय. स्लॅकसाहेब खूश, खुनाची वेळ मिळाली. व्हिकार सांगायला जातो की अहो, त्या घड्याळाबद्दल एक सांगायचंय. स्लॅक त्याला बोलूच देत नाही. वेळेवर पोहोचावं म्हणून ते घड्याळ पंधरा मिनिटं पुढे लावलेलं असतं, ही साधी गोष्ट! पुढे कळल्यावर तोच माणूस व्हिकारवर चिडतो, सांगितलं का नाही म्हणून. मला वाटतं ख्रिस्तीचं सगळं म्हणणं या एका प्रसंगात आहे. माहिती समोर बसलेली असते, सांगायलाही तयार असते. ऐकणारा नसतो.

(पाच मिनिटं पुढे लावलेलं घड्याळ आमच्याही घरी होतं. कोणीच फसायचं नाही, सगळे मनात पाच वजा करायचे.)

---

पाळकाची_नात | शनिवार, सकाळी १०.२०

इथे पहिल्यांदाच लिहिते आहे. मी मूळची नगरकडची, मराठी ख्रिस्ती. माझे आजोबा पाळक होते, आणि माझं अर्धं लहानपण पाळकांच्या बंगल्यात गेलंय. तुम्हा सगळ्यांना यातलं चर्च म्हणजे नुसता पडदा वाटेल, मला मात्र प्रत्येक पान ओळखीचं.

कर्नल प्रॉथेरो त्या संध्याकाळी व्हिकारकडे येणार असतात ते कशासाठी, लक्षात आहे का? चर्चचे हिशेब तपासायला. कारण मिसेस प्राइस रिडली यांनी अर्पणाच्या पिशवीत एक पौंडाची नोट टाकली होती आणि लावलेल्या यादीत एक पौंडाची नोट दिसली नाही. बाईंनी बोभाटा केला. एका नोटेवरून! हे वाचून मी मोठ्याने हसले. आमच्याकडे अर्पण मोजायला दोन माणसं बसायची, आणि तरी अमक्याने दहाची नोट टाकली होती, चिल्लरच कशी निघाली, यावरून वर्षभर दोन घरं एकमेकांशी बोलत नव्हती. आजी म्हणायची, पाळकाच्या घराला दार असतं, कडी नसते. कोणीही कधीही येतं, थांबतं, अभ्यासिकेत बसून राहतं. या कादंबरीतला खून त्यामुळेच शक्य होतो. कर्नलला “बसा, येतीलच ते” म्हणून आत बसवतात यात कोणालाच काही वावगं वाटत नाही.

आणि तो कथेचा आवाज! थकलेला, स्वतःवर हसणारा, मेजावर अर्धवट प्रवचन घेऊन बसलेला, वीसेक वर्षांनी लहान असलेल्या बायकोपुढे हतबल झालेला पाळक. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना लक्ष्मीबाईंच्या डोळ्यांतून टिळक दिसतात ना, तसा हा स्वतःच्या डोळ्यांतून ग्रिसेल्डाला दाखवतो. घर चालवता न येणारी, चेष्टेखोर, पण मनाने लख्ख. खुनापेक्षा मला त्या दोघांची काळजी जास्त वाटत होती.

---

माजघर | शनिवार, सकाळी ११.०२

पाळकाची_नात, तुमचा प्रतिसाद म्हणजे या धाग्याचं सोनं झालं. लिहीत राहा.

---

रेडिंगकर | शनिवार, दुपारी ३.४५

नमस्कार. इंग्लंडात बारा वर्षं आहे, रेडिंगला. अगाथाबाईंची कबर माझ्या घरापासून लोकल गाडीने वीसेक मिनिटांवर, चोल्सी गावात. जवळच वॉलिंगफर्डला त्यांचं घर होतं, १९३४ मध्ये घेतलेलं. १२ जानेवारी १९७६ रोजी त्या तिथेच गेल्या. आई-बाबा आले होते तेव्हा त्यांना घेऊन गेलो होतो. स्टेशनवरून चालत गेलं की शेतांच्या कडेला सेंट मेरीचं जुनं चर्च, आणि आवाराच्या कोपऱ्यात उंच दगड. त्यावर स्पेन्सर कवीच्या ओळी कोरल्या आहेत, कष्टानंतर झोप, वादळानंतर बंदर अशा अर्थाच्या. बाबा म्हणाले, इतकी माणसं मारली बाईने आणि स्वतः किती निवांत.

आता एक निरीक्षण. अशी खेडी अजून आहेत, हिरवळ, पब, चर्च, सगळं. फक्त व्हिकार त्या घरात नसतो. चर्चने मोठी जुनी घरं कधीच विकून टाकली. फाटकावर ‘द ओल्ड व्हिकारेज’ अशी पाटी असते आणि आत लंडनला नोकरी करणारं कुटुंब. एकेका व्हिकारकडे चार-पाच गावं. आता कोणाला खोटा फोन करून शेतावर पाठवायचं म्हटलं तर आधी तो कोणत्या गावात आहे ते शोधावं लागेल.

टीव्हीवर बघायचं असेल तर जोन हिक्सनचीच मालिका बघा, बीबीसीची. १९८४ ते १९९२ मध्ये बाराही कादंबऱ्या केल्या. ‘व्हिकारेज’ १९८६ च्या नाताळात लागली होती, आणि त्यात व्हिकार आहे पॉल एडिंग्टन, आपला ‘येस मिनिस्टर’वाला. सेंट मेरी मीड म्हणून हॅम्पशरमधलं नेदर वॉलप हे गाव वापरलंय.

---

तिरकस | शनिवार, दुपारी ४.१०

रेडिंगकर, या पुस्तकातल्या चित्रकाराचं नाव लॉरेन्स रेडिंग. तुमचा आयडी संशयास्पद आहे. त्या संध्याकाळी सव्वासहा ते पावणेसात तुम्ही कुठे होता?

---

रेडिंगकर | शनिवार, दुपारी ४.१८

गाडीत. उशिरा होती. साक्षीदार चारशे, सगळे वैतागलेले.

---

चिंचगूळ | शनिवार, संध्याकाळी ५.३०

हिक्सनला अनुमोदन. नंतरच्या आयटीव्हीच्या २००४ च्या ‘व्हिकारेज’मध्ये मिस मार्पलला तरुणपणी एका विवाहित माणसावर प्रेम वगैरे दाखवलंय. कशाला? त्या बाईच्या आयुष्यात काही तरी “घडलेलं” असल्याशिवाय तिला माणसं कळूच शकत नाहीत असं कोणी सांगितलं?

आणि वर्गणीवाल्याचं पुढे काय झालं ते अजून सांगितलं नाहीत.

---

सोनचाफा | शनिवार, रात्री ८.२५

निम्म्यावर आहे. माझा संशय त्या नव्या भाडेकरू बाईंवर, मिसेस लेस्ट्रेंज. फारच शांत आहेत. आणि मिस मार्पलनी सांगून टाकलंय की कर्नल गेला तर ज्यांना बरं वाटेल असे निदान सात जण मला माहीत आहेत. मी मोजते आहे, पाच झाले.

कोणी काही बोलू नका.

---

तिरकस | शनिवार, रात्री ९.००

माझा खरा आक्षेप आता सांगतो. या पुस्तकात एक माणूस मेलाय आणि कोणालाही त्याचं काही वाटत नाही. मुलीला नाही, बायकोला नाही, गावाला नाही. सगळे चहा पीत अंदाज बांधतात. हा जो “उबदारपणा” आहे तो मला जरा निर्दय वाटतो. शब्दकोडं सोडवायला प्रेत लागतं, म्हणून आणलं एक प्रेत. मेलेला माणूस नकोसा करून ठेवला की वाचकालाही रडायला नको.

---

बखर | शनिवार, रात्री ९.४०

मुद्दा बिनतोड आहे, पण या पुस्तकात तो प्रश्न लेखिकेच्या नजरेतून सुटलेला नाही. डॉ. हेडॉक आणि व्हिकार यांची ती चर्चा बघा. डॉक्टर म्हणतो, गुन्हा हा आजार आहे, ग्रंथींचा दोष असेल, पुढे एक दिवस आपण गुन्हेगारांना फाशी दिली याची लाज वाटेल. तेव्हा इंग्लंडात खुनाला फाशी होती, ती थांबली १९६५ मध्ये. म्हणजे सेंट मेरी मीडमध्ये खुनी सापडणं म्हणजे आणखी एक मरण. पुढे त्याच डॉक्टरचं मत प्रसंग आल्यावर किती टिकतं तेही दाखवलंय. आणि मवाळ व्हिकार एका रविवारी अचानक असं पेटून प्रवचन देतो की स्वतःच घाबरतो. ऊब आहे ती सांगण्याच्या सुरात. जे सांगितलंय ते उबदार नाही. इथे मी माजघर यांच्या बाजूने.

मिस मार्पल तर या बाबतीत अजिबात हळव्या नाहीत. ख्रिस्तीने लिहिलंय की आपल्या आजीचा एक गुण तिने यात घेतला. आजी स्वभावाने आनंदी, पण प्रत्येकाकडून कायम वाईटाचीच अपेक्षा करायची, आणि बहुतेक वेळा तिचंच खरं व्हायचं.

---

अनुस्वार | शनिवार, रात्री १०.१५

यात माझं लाडकं वाक्य मिस मार्पलच्या भाच्याच्या प्रसंगातलं. रेमंड वेस्ट, लेखक, शहरी, स्वतःवर खूश. तो म्हणतो, सेंट मेरी मीड म्हणजे साचलेलं डबकं. मावशी शांतपणे म्हणतात, ही उपमा काही बरोबर नाही हो रेमंड, डबक्यातल्या पाण्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर त्याच्याइतकं जिवंत दुसरं काही नसतं. विषय संपला. सगळ्या ग्रामीण-शहरी वादाचा निकाल दोन वाक्यांत.

आणि सोललेल्या कोळंबीचं प्रकरण! कोणाची तरी कोळंबी गायब झाली होती, त्यावरून त्यांना माणसाचा स्वभाव कळला, आणि आता तोच स्वभाव खुनात कामी येतोय. गावात हसतात त्यांना. आमच्या मालवणात कोळंबी गायब झाली असती तर कोणी हसलं नसतं, सरळ पंचायत बसली असती.

---

चिंचगूळ | रविवार, सकाळी ८.४०

एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात आहे. आपल्याकडे हौशी शोधक म्हटला की फास्टर फेणे आठवतो. झकास आहे, पण पोरगा आहे. बाकी बाबूराव अर्नाळकरांचे नायक, ते धाडसी पुरुष. म्हातारी बाई तपास करते आहे, असं मराठीत ठसलं का नाही? निरीक्षण करणाऱ्या म्हाताऱ्या आपल्याकडे पैशाला पासरी.

---

माजघर | रविवार, सकाळी ९.३०

यावर रात्री बराच विचार केला.

मिस मार्पलकडे दोन गोष्टी आहेत ज्या आमच्या आत्याकडे नव्हत्या. स्वतःचं घर आणि रिकामी दुपार. लग्न न झालेली बाई, स्वतःच्या छपराखाली, मोलकरीण ठेवून, कोणाची परवानगी न घेता बागेत उभी राहू शकते. गावातल्या बाकीच्या प्रौढ कुमारिकाही तशाच. पहिल्या महायुद्धानंतर, १९२१ च्या जनगणनेत, इंग्लंड आणि वेल्समध्ये पुरुषांपेक्षा स्त्रिया सतरा लाखांवर जास्त भरल्या होत्या. मिस मार्पल त्या पिढीच्या नव्हेत, त्याआधीच्या, पण वाचणाऱ्यांच्या ओळखीत अशा एकट्या बायका कितीतरी असणार. त्यांची चेष्टाही व्हायची. ख्रिस्तीने त्याच चेष्टेच्या विषयाला हुशार केलं.

आमची आत्या सतराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली. भावाच्या संसारात पन्नास वर्षं. तिने पाहिलं नाही असं त्या घरात काही घडलं नसेल. कोणती सून रात्री रडते, कोणाचा पगार घरी पुरा येत नाही, कोणाच्या पत्राचं पाकीट आधीच उघडलेलं आहे. पण तिचं पाहणं सगळं चुलीपासून. आणि पाहिलेलं बोलायची सोय नाही, कारण ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्याच ताटातलं खायचं. मिस मार्पल पोलिसांच्या वरिष्ठांना चहाला बोलावून “मला वाटतं” असं सुरू करू शकतात. आत्या आईच्या कानात बोलायची, आणि आई ते स्वतःचं म्हणून वडिलांना सांगायची.

म्हणून मराठीत मिस मार्पल लिहायची तर तिला आधी एक खोली द्यावी लागेल.

---

पाळकाची_नात | रविवार, सकाळी १०.०५

हे वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही.

बंगालीत मात्र एकाने करून दाखवलंय. ऋतुपर्ण घोषचा ‘शुभो महूरत’, २००३ चा. मूळ आधार ख्रिस्तीचीच एक वेगळी मार्पल कादंबरी, नटीची. त्यात राखी म्हणजे रांगा पिशिमा, घरात मांजरं सांभाळणारी विधवा आत्या, भाचीकडून बातम्या काढून घेते आणि बसल्या जागी उलगडा करते. राखीला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तीही आत्याच बघा.

---

तिरकस | रविवार, सकाळी ११.२०

माजघर, शुक्रवारचं “चोमडेपणाच” मागे घेतो. पात्रं फार आहेत हे मात्र मागे घेत नाही.

---

रेडिंगकर | रविवार, दुपारी १.५०

ज्यांना आजचं काही हवंय त्यांनी रिचर्ड ऑस्मनचं ‘द थर्सडे मर्डर क्लब’ वाचावं. २०२० चं. केंटमधल्या ज्येष्ठांच्या वसाहतीत राहणारे चौघे जुन्या केसेस चघळतात आणि एक दिवस ताजा खून हाती येतो. नेटफ्लिक्सवर २०२५ मध्ये चित्रपटही आला. हसू जास्त, पण म्हातारपणाबद्दलची काही पानं बोचतात. बांधणी मात्र ख्रिस्तीइतकी घट्ट नाही. तिच्यात एक वाक्य काढलं तर भिंत हलते.

---

सोनचाफा | सोमवार, पहाटे १.४०

संपलं.

काहीही बोलत नाही. मिसेस लेस्ट्रेंजबाईंची मनातल्या मनात माफी मागितली एवढंच.

पुस्तकात गावाचे नकाशे आहेत ना, ते मी पहिल्यांदा नुसते ढकलले होते. आता उघडून बसले आहे. अभ्यासिकेची खिडकी इथे, गल्ली इथे, मिस मार्पलची बाग इथे. त्या संध्याकाळी त्या बागेत असणार हे कोणाला ठाऊक नव्हतं? सगळ्या गावाला ठाऊक होतं. सगळ्या. मी मात्र पूर्ण वेळ “त्यांनी काय पाहिलं” एवढंच विचारत बसले.

सकाळी नऊला मीटिंग आहे आणि मी पुन्हा बीफपासून सुरू केलंय.

---

माजघर | सोमवार, सकाळी ७.१५

सोनचाफा, बास. इथेच थांबा. याच्यापुढे एक शब्द लिहिलात तर संपादक येतील.

---

चिंचगूळ | सोमवार, सकाळी ७.४०

आणि वर्गणीवाला? तिसऱ्यांदा विचारतो आहे.

---

माजघर | सोमवार, सकाळी ८.०५

आत्याने त्याला तांब्याभर पाणी दिलं, गूळ दिला, आणि पावतीपुस्तक जरा बघू म्हणून हातात घेतलं ते परत दिलंच नाही. तो दोन मिनिटं उभा राहिला आणि निघून गेला. ते पुस्तक परवापरवापर्यंत आमच्या माळ्यावर होतं. पहिल्या दोन पावत्या फाडलेल्या, स्थळप्रती शाबूत. कोणाकोणाला गंडवलं ते आत्याने शेवटपर्यंत कोणाला सांगितलं नाही, आणि आम्हीही कधी उघडून बघितलं नाही.

घर विकताना मी उघडलं. दुसरी पावती शेजारच्या दुकानदाराची. पहिली, एकावन्न रुपये, आमच्या आजोबांच्या नावाची होती.